थावरू डेंजरस आहे का?

"एका शब्दात लिहा, डॉक्टर. डेंजरस की नाही?" फौजदार टोपी न काढताच खुर्चीत बसले.

दवाखान्यातल्या बाकावर थावरू बसला होता. मेंटल हॉस्पिटलमधून नुकताच डिस्चार्ज झालेला. होळीला त्याने वहिनीवर काठी उगारली, अशी त्याच्या मोठ्या भावाची, हरचंदची, तक्रार होती. मी 'डेंजरस' लिहिलं की मॅजिस्ट्रेटची ऑर्डर निघणार आणि तो परत आत जाणार. मागच्या वेळी सुटायला वर्षं लागली होती.

आमच्या गावातून डॉक्टर झालेला मी पहिलाच. कॉलेजात मानसोपचाराच्या सरांनी जे शिकवलं, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. ते म्हणायचे, साप विषारी की बिनविषारी हे सांगता येतं, तसं माणसाचं सांगता येत नाही. आधी कोणाला मारलं का, दारू पितो का, भास होतात का, गोळ्या वेळेवर घेतो का, हे सगळं पाहावं लागतं.

मी विचारत गेलो. दारू नाही, भास नाहीत. गोळ्या आई देत होती. पण आजार भरात असताना त्याने हरचंदला मारलं होतं.

"मले अजून खांदा दुखते, साहेब," हरचंद म्हणाला. ते खोटं नव्हतं.

"थावरू, काठी कुठून आणलीस?"

"वहिनीच्या हातातली घेतली."

"तिच्या हातात काठी कशाला?"

हरचंदनं दाराकडे पाहिलं. त्यांच्या बंजारा तांड्याचे प्रमुख, नाईक, दारात उभे होते. ते म्हणाले, "होळी होती ना, डाक्टरसाहेब. त्या दिवशी आमच्या बाया माणसाइले झोडपतेत. माणसं काठ्या हिसकतेत. खेळच हाय तो."

"आणखी कोणी हिसकली?"

"साऱ्यायनं. म्या बी."

"मग तुमच्याविरुद्ध तक्रार कशी नाही?"

"मी का पागल हावो?"

मी पेन खाली ठेवलं. "हे आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कोनं?"

"उद्या यानं कोणाचा जीव घेतला तर?" फौजदार म्हणाले.

"तशी खात्री मी तुमच्या हवालदाराचीही देणार नाही."

मी लिहिलं : सध्या धोका कमी. गोळ्या चालू ठेवाव्यात. राहणं आईकडे, भावाच्या घरी नाही. दर बाजाराच्या दिवशी तपासणी.

"हे फॉर्मच्या रकान्यात मावत नाही," फौजदार म्हणाले.

"मागच्या बाजूला लिहिलंय."

थावरू तांड्यातच राहिला. मी तिथं होतो तोवर त्याने कोणावर हात उगारला नाही. हरचंदचा खांदा मात्र मला बरा करता आला नाही.

तेव्हापासून रुग्णाने काय केलं हे ऐकलं की त्या वेळी बाकीचे काय करत होते, हेही मी विचारतो. लोक वैतागतात. फौजदार तर फारच.