तिनं विचारलेला शब्द

तेराव्यानंतर बायकोचं, मालतीचं कपाट आवरताना तिचं मॅट्रिकचं इंग्रजीचं पुस्तक हाती लागलं. पानांना अजून वेखंडाचा वास होता. त्या वासासरशी मी सत्तरच्या दशकातल्या सांगलीच्या आमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

लग्नानंतर ती परीक्षेला बसणार होती. पास झाल्यावर साताऱ्याला राहून शिक्षिकेचा कोर्स करायचं तिच्या मनात होतं. आईच्या, म्हणजे तिच्या आत्याबाईंच्या, सांगण्यावरून मी नको म्हटलं होतं. त्या रविवारी दुपारी ती पुस्तक शेजारी ठेवून वाटाणे सोलत होती.

"अवं, प्रिफर म्हंजे काय?"

"दोन गोष्टींतली एक जास्त आवडणं. मला कॉफीपेक्षा चहा आवडतो, तसं."

"कॉफी तर आपल्या घरात येतच न्हाई. मग तुमी निवडलं काय?"

मला हसू आलं. "बरं, तू कर वाक्य."

तिचे हात थांबले. "आत्याबाई म्हणत्यात घरी ऱ्हा. तुमीबी तेच म्हणता. मला कवा कुणी इचारलंच न्हाई, तर वाक्य कुठनं आणू?"

स्टोव्हवर दूध चढत होतं. मी तो बारीक केला आणि विचारलं, "तुला काय हवंय?"

"सातारा," ती हळूच म्हणाली.

ती गेली, शिकली, पुढं निवृत्त होईपर्यंत मुलांना शिकवत राहिली. धड्यात तो शब्द आला म्हणून आपलं नशीब उघडलं, असं मी सगळ्यांना सांगायचो. ती नुसती हसायची.

आज ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं. तो शब्द त्यात कुठेच नाही.