अडतीतला टेलिफोन आणि माझी तब्येत

धामणगाव रेल्वेला आमच्या सासऱ्यांची कापसाची अडत, म्हणजे दलालीची पेढी, होती. घराच्या पुढच्या भागात बैठक, मागं आम्ही राहायचो, आणि मधल्या दाराला जाड पडदा. बैठकीत टेलिफोन होता, अकोल्याचा भाव विचारण्यासाठी घेतलेला. साठ सालच्या आगेमागे मी त्या घरात सून म्हणून आले. तेव्हा त्या काळ्या यंत्रावर बाईमाणसानं बोलायचं असतं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मी अकोल्याची, आणि मूळची फटकळ. माहेरी माझी जीभ आवरायला वडिलांना उभा जन्म लागला. पण सासरी आल्यावर ती कुठं गेली कोण जाणे. सुनेनं सासऱ्यांसमोर बोलायचं नाही अशी आमच्याकडची रीत होती. मामाजी, म्हणजे सासरे, बैठकीतून आत आले की मी भिंतीला लागून उभी राहायची. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी मी त्यांच्याशी एक सबंध वाक्य बोलले नव्हते, आणि त्यांनीही माझ्याशी. राग म्हणून नाही. ते मुळातच कमी बोलणारे होते. भावाचा सौदासुद्धा मान हलवून करायचे.

मला दिवस गेले. आई लहानपणीच वारलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मला अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई पुण्याकडच्या. आमचं वऱ्हाडी बोलणं ऐकून प्रथम त्यांना आपल्यावर कुणी खेकसतंय असंच वाटायचं म्हणे. त्यांनी दर महिन्याला यायला सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, गाडीचा हादरा बसतो, इतक्या वेळा कसं आणायचं? मग बाई नाइलाजानं म्हणाल्या, "मधल्या वेळात टेलिफोन करा. पण मी माणूस पाहिल्याशिवाय औषध देत नाही, हे लक्षात ठेवा." टेलिफोनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आमचाही नव्हता म्हणा.

पहिला ट्रंककॉल लागला तेव्हाची कवायत आठवली की आजही हसू येतं. टेलिफोन मामाजींच्या कानाला. पडद्याआड आत्याबाई. त्यांच्या मागं मी. बाई तिकडून विचारणार, मामाजी तो प्रश्न पडद्याला ऐकवणार, आत्याबाई मागं वळून मला विचारणार, मी पुटपुटणार, आणि माझं उत्तर त्याच वाटेनं अमरावतीला परत जाणार. वाटेत ते जरा धुऊन-पुसून घेतलं जायचं, कारण सून आजारी आहे असं गावाला कळू देणं आमच्याकडं कमीपणाचं होतं. पहिल्या एकदोन वेळा त्यानं काही बिघडलं नाही, कारण मला काही होतच नव्हतं.

आठवा महिना लागला आणि माझं डोकं दुखायला लागलं. पावलं सुजली, मग बोटं, मग चेहरा. आत्याबाई खूश होत्या. गल्लीतल्या बायका येऊन मला बघायच्या आणि म्हणायच्या, सुनेला चांगलं खाऊ-पिऊ घालता हो. एका सकाळी आत्याबाई माझ्यासमोर तूर निवडत बसल्या होत्या आणि मला त्यांचा अर्धाच चेहरा दिसला. उरलेल्या जागी नुसते काजवे. मी भ्याले, पण बोलले नाही. नव्या सुनेनं डोळ्यांचं नाव काढलं की कामचुकार ठरायला वेळ लागत नाही. नवरा नागपूरला शिकत होता. सांगणार कुणाला? फक्त आत्याबाईंना एवढंच म्हटलं की डोकं फार दुखतंय, बाईंना विचारा.

दुपारी कॉल लागला. बैठकीत दिवाणजी होते, खेड्यावरचे गाडीवाले कापूस घेऊन आलेले, त्यातले काही पाणी प्यायला आत टेकलेले. मामाजींनी पडद्याकडं तोंड केलं.

"बाई पुसून राह्यल्या, डोस्कं लई दुखते काय?"

"दुखते थोडंसं. रात्री झोप नसंन झाली," आत्याबाई म्हणाल्या.

"अंगावर सूज हाय काय, म्हन्तात."

"सूज कायची? अंग भरलं तिचं."

मामाजींनी ते तसंच पोचवलं. मग बाईंनी पुढचं काहीतरी विचारलं आणि मामाजी थांबले, खाकरले, छताकडं पाहिलं. तो प्रश्न त्यांनी पडद्याकडं धाडलाच नाही. "ते सारं ठीक हाय," असं परस्परच सांगून टाकलं. बाईंनी लघवीचं विचारलं होतं, हे मला मागून कळलं. चार माणसांत सुनेबद्दल तो शब्द उच्चारणं त्यांच्याच्यानं झालं नाही.

बाई मोठ्यांदा बोलायच्या, पडद्याआडही ऐकू यायचं. त्या म्हणाल्या, "सगळंच ठीक आहे तर टेलिफोन कशाला केलात? सुनेला द्या."

"ते कशी बोलंन? मी हावो ना इथं."

"तुम्ही तिथं आहात, हीच तर अडचण आहे."

मामाजींना असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आता हे टेलिफोन आपटतात, असंच वाटलं मला. त्यांनी तो हळूच मेजावर ठेवला, दिवाणजींना बाहेर जायला सांगितलं, गाडीवाल्यांना उठवलं. मग पडद्याला म्हणाले, "तिले धाडा. अन् तुमीबी तिथं नोका थांबू." आणि स्वतः बाहेर जाऊन त्यांनी रस्त्याकडचं दार ओढून घेतलं.

मी पहिल्यांदाच त्या बैठकीत एकटी उभी होते. सवयीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि टेलिफोन पदरावरूनच कानाला लावला. काही ऐकू येईना. शेवटी पदर मागं सारला. सासऱ्यांच्या बैठकीत उघड्या डोक्यानं उभं राहायचं म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

"बोल बाळ," बाई म्हणाल्या. मी बोलले. "ऐकू येत नाही, जोरात बोल." पण जोरात कशी बोलू? दार लाकडी, बाहेर एवढी माणसं.

आणि तेवढ्यात बाहेर मामाजी ओरडायला लागले. मान हलवून सौदा करणारा हा माणूस गाडीवाल्यांवर गरजत होता. "कापूस ओला करून आनता? मले बुद्दू समजून राह्यले काय? काहून भिजोला, बोला!" गाडीवाले बिचारे शपथा घेत होते की थेंबभर पाणी लागलं नाही. ते जितकं समजावत, तितका मामाजींचा आवाज चढत होता. कापूस कोरडा ठणठणीत होता, हे मीही पाहिलेलं होतं. क्षणभरानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मीही ओरडून बोलले. काजवे, अर्धा चेहरा, बोटात रुतलेली अंगठी, लघवी अगदी कमी होते, सगळं. अकोल्याची माझी जीभ मला परत मिळाली.

बाई एवढंच म्हणाल्या, "सासऱ्यांना बोलव."

येणाऱ्या पहिल्या गाडीत बाकावर गादी टाकून मला निजवलं. आत्याबाईंनी बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत माझं डोकं मांडीवर धरलं होतं आणि त्या सारख्या रडत होत्या. भरलं अंग, भरलं अंग म्हणून मीच नाचत होते गं, असं म्हणत होत्या. मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. त्यांनी मनापासून मला खाऊ घातलं होतं. मामाजी बाईंचा टेलिफोन येईल म्हणून अडतीतच थांबले. रक्तदाब फार चढला होता; झटके येऊ नयेत म्हणून दवाखान्यात मला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, सुया दिल्या. मुलगी दिवस भरण्याआधीच झाली, मूठभर जिवाची. तिला गुंडाळायला मामाजींनी सरकीचा कण नसलेला, पांढरास्वच्छ कापूस पाठवला होता. आम्ही दोघी वाचलो.

मग मात्र त्या टेलिफोनला बायकांची सवय झाली. बाजार बंद असला की दुपारी बैठक रिकामी व्हायची, मामाजी कुणाला काही न सांगता स्टेशनवर चहाला निघून जायचे, आणि गल्लीतल्या बायका एकेक करून येऊन बसायच्या. नवबौद्ध वस्तीतल्या एका मास्तरीणबाईंनी पहिल्यांदा टेलिफोन धरला तेव्हा आत्याबाईंनीच त्यांना पदर मागं घ्यायला शिकवलं. डॉक्टरीणबाईही बदलल्या. त्या टेलिफोनवरही "जीभ दाखव" म्हणून जायच्या आणि स्वतःच हसायच्या. पण तोंड घरच्या कुणाचं आणि दुखणं दुसऱ्याचं, असा कॉल त्यांनी पुन्हा घेतला नाही. आधी बाईमाणसाला द्या, मग बोलू, म्हणायच्या. मामाजी आणि बाई, या दोघांचे उपकार किती जणींवर असतील, त्याला मोजदाद नाही.

बाई थकल्यावर मी लेकीला घेऊन त्यांना भेटायला गेले होते. मामाजी तोवर वारले होते. बाई लेकीकडं बघत म्हणाल्या, "ही झाली तेव्हा मीच तुझ्या सासऱ्यांना टेलिफोन केला. मुलगा की मुलगी विचारतील म्हणून मन घट्ट करून बसले होते. मुलगी म्हटल्यावर तिकडून टेलिफोन ठेवणारे पुष्कळ पाहिले होते मी. त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाले, 'तिले आता पुरतं दिसते काय?' तूच त्यांना डोळ्यांचं सांगितलं असशील. मी नव्हतं सांगितलं, घाबरतील म्हणून."

मी सांगितलं नव्हतं. त्या घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे दाराला पाठ लावून गाडीवाल्यांवर ओरडता ओरडता ते माझा शब्द न् शब्द ऐकत होते. आणि पुढं इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी मला ते कधी जाणवू दिलं नाही.