भागूबाईची भवानी

लोणावळ्याच्या स्टेशनबाहेर करवंदं विकणारी भागूबाई बोलायला लागली की समोरच्याची सुटका नसे. गाव कुठलं, आई काय करते, लग्न का नाही झालं, सगळं विचारून व्हायचं, मगच द्रोण हातात. डोंगरावरच्या वाडीतून ती डोक्यावर टोपली घेऊन उतरायची. अलीकडे मात्र गुडघा कुरकुरायचा आणि उन्हात घेरी यायची.

साठच्या दशकातला उन्हाळा. पुण्यातल्या आमच्या कॉलेजाचं एका अमेरिकन विद्यापीठाशी सूत जमलं होतं. देश पुढे न्यायचा तर पोरांना व्यापार शिकवा, असं दोन्हीकडच्या मोठ्यांचं ठरलं आणि आम्हा कॉमर्सवाल्यांना तिकडच्या पोरांबरोबर जोडीने लोणावळ्याच्या बाजारात सोडलं. माझ्या वाट्याला एडविन आला. त्याला ऊठसूट 'का' विचारायची खोड. त्याचं आणि भागूबाईचं लगेच जमलं. मधल्यामध्ये दुभाष्याचा, म्हणजे माझा, घसा कोरडा.

गिऱ्हाईक उत्तम राखणाऱ्या एका करवंदवालीला मोसमभर स्टेशनजवळचा छपराचा गाळा मिळेल, असं आमच्या कॉलेजच्या सरांनी जाहीर केलं होतं. भागूबाईला तो हवाच होता. "एक उन्हाळा तरी सावलीत काडायचा हाय," ती म्हणाली.

पाहणीच्या दिवशी सर समोर उभे. भागूबाईचा पहिला द्रोण खपला. दुसरं गिऱ्हाईक आलं, तर तिने शेजारी बसलेल्या, वाडीतल्याच चिंगीकडे बोट केलं, "तिच्याकडनं घ्या."

एडविनने विचारलं, का? मी तिला विचारलं.

"तिची भवानी व्हायची हाय अजून."

त्यांच्या वाडीची रीतच तशी. शेजारणीची पहिली विक्री होईपर्यंत आपण दुसरी करायची नाही. मी सरांना समजावलं. "भावना पोचल्या," सर म्हणाले आणि गाळा चिंगीला दिला. तिने आलेलं गिऱ्हाईक सोडलं नव्हतं ना! मला सरांचा फार राग आला. भागूबाईने त्या दिवशी कुणाला गावसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी चिंगी गाळ्यात बसली. भवानी झाल्यावर तीही लोकांना पार तिकडे उन्हातल्या भागूबाईकडे धाडू लागली. पण सावली सोडून कोण जातंय? लोक चिडून चिक्कीच्या दुकानाकडे वळायचे. दुपार झाली तरी भागूबाईची टोपली भरलेलीच. शेवटी चिंगी उठली, उन्हातून चालत गेली आणि पैसे देऊन तिच्याकडून करवंदांचा द्रोण घेतला.

"झाली मावशी तुजी भवानी."

भागूबाईचे डोळे भरले. "मला लय बसायचं व्हतं गं तितं."

"मग चल की. गाळ्यातली फळी लांब हाय, दोगी मावू."

संध्याकाळी सर आले, तर गाळ्यात दोन टोपल्या. "गाळा नक्की कुणाचा?" त्यांनी करड्या आवाजात विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. मी एडविनकडे पाहिलं. या खेपेला त्याने 'का' विचारलं नाही.