खोलीगणिक वेगळी फरशी

शिवणबाईंना दिसत नव्हतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये म्हणून बाई दिवसभर एवढ्या खपायच्या की तेवढ्यात एखादं दुकान चाललं असतं. अगदीच काळोख नव्हता म्हणा. उजेड कळायचा, समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळायचं. पण तो आपला मुलगा आहे की दारामागं अडकवलेला रेनकोट, हे त्यानं तोंड उघडल्याशिवाय कळत नसे. एकदा त्या रेनकोटवर बाई बराच वेळ डाफरल्या होत्या. मुलगा इतकं निमूट ऐकून घेत नाही, यावरूनच त्यांना चूक उमगली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डोळ्याची नसच सुकत चाललीय, आता औषध नाही. हे ऐकायला सोबत फक्त धाकटी बहीण होती आणि तिला बाईंनी तिथल्या तिथं शपथ घातली. कारण शेजारच्या जिन्यातल्या मास्तरीणबाईंचं काय झालं ते त्यांनी बघितलं होतं, म्हणजे बघता येत होतं तेव्हा. मास्तरीणबाईंचे डोळे गेले आणि मुलांनी फार प्रेमानं त्यांना पलंगावर बसवलं. हाताशी घंटी दिली. पाणी हवं, वाजवा घंटी. मोरीत जायचंय, वाजवा घंटी. वर्षभरात त्या बाई उभं राहायचं विसरल्या. शिवणबाईंनी मनाशी पक्कं केलं, आपल्या घरात आपण आपल्या पायांनी हिंडायचं. बाकी काही नको.

आणि ते जमत होतं, कारण घराची फरशी त्यांना पाठ होती. घर जसा पैसा हाताशी येईल तसं वाढवलेलं. बाहेरच्या खोलीत गुळगुळीत कोबा, स्वयंपाकघरात खडबडीत दगड, मधल्या बोळकांडीत भेगाच भेगा. पाय टेकला की बाईंना कळायचं आपण कुठं आहोत. शिवणकाम करून चाळीसेक वर्षं पायानं मशीन चालवलेलं. त्या पायांना अक्कल होती.

आता मुलाचं सांगते. हा बसडेपोच्या स्टोअरमध्ये. जन्मभर नटबोल्ट आणि ब्रेकपट्ट्या हाताळून त्याच्या तोंडात एकच शब्द बसला होता, टिकाऊ. चप्पल घ्यायची तरी टिकाऊ, केळी घ्यायची तरी टिकाऊ. एका मित्राच्या नव्या घरात तो जेवून आला आणि तिथल्या फरशीनं त्याला झपाटलं. सगळ्या घरभर एकच टाइल, आरशासारखी, सांधा शोधून सापडायचा नाही, खोलीखोलीतले उंबरे काढून टाकलेले. तशीच आपल्याकडे घालायची. सुनेनंही आनंदानं मान डोलावली. आणि सगळं कुणासाठी? तर आईसाठी. भेगेत पाय अडकून आई पडेल, याची म्हणे त्याला काळजी लागून राहिली होती.

बाईंना पुढचं सगळं कळून चुकलं. सगळीकडे एकसारखी फरशी म्हणजे पायाला काही कळायचंच नाही. मग भिंत चाचपत चालायचं, आणि एकदा भिंत चाचपली की घंटी आलीच हाताशी. आधी त्यांनी उन्हाळ्यात कोबा किती गार लागतो ते सांगून बघितलं, मग फोडाफोडीच्या धुळीची भीती घातली, मग मुकाट्यानं एक वेळचं जेवण सोडलं. मुलगा हलला नाही. तेव्हा बाईंनी डाव बदलला.

"घाल बाबा नवीन फरशी," त्या म्हणाल्या, "पण निवडणार मी."

मुलाला भरून आलं. आईला हौस आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दुकानात बाईंनी दाराशीच चपला काढल्या आणि नमुन्याला मांडलेल्या टाइल्सवरून चालायला लागल्या. थांबायच्या, टाच घासायच्या, वाकून अंगठ्यानं पोत बघायच्या. दुकानदारानं आजवर गिऱ्हाइकं टाइल्सकडे बघताना पाहिलेली. हे गिऱ्हाईक टाइलकडे बघतच नव्हतं. कुणीतरी जाणकार बाई आल्यात अशी त्याची समजूत झाली आणि तो अदबीनं बोलू लागला. त्यानं रंगांबद्दल विचारलं, तर बाईंनी फटकारलं की रंगाचं काय घेऊन बसलात, धूळ बसली की सगळे सारखेच.

बाहेरच्या खोलीला त्यांनी गुळगुळीत टाइल घेतली, स्वयंपाकघराला रेतीसारखी खरखरीत. स्वतःच्या खोलीला अगदी बारक्या बारक्या टाइल्स, पावलागणिक सांधा लागेल अशा. आणि बोळकांडीला? तिथं त्यांचा पाय खोल खाचांच्या एका टाइलवर ठरला आणि हटेना. दुकानदार चाचरत म्हणाला की ही पार्किंगमध्ये घालतात, गाडी उभी करायला.

"गाडीचं वजन पेलते ना?" बाई मुलाकडे वळून म्हणाल्या. "मग याहून टिकाऊ काय आणणार आहेस?"

त्याचाच शब्द त्याच्या गळ्यात.

सूनबाई त्या दिवशी माहेरी गेली होती. माल येऊन पडला तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. स्वयंपाकघराची टाइल गुलाबी, औषधाच्या गोळीसारखी. बोळकांडीची पिवळी, त्यावर लाल चौकड्या. सासूबाईंच्या खोलीची दवाखान्यातली हिरवी. पायांनी निवडलेल्या मालाचे रंग असे निघणारच, पण हे सांगायचं कुणी? बाईंना तर कुठले रंग आलेत हेच मुळात ठाऊक नव्हतं. सुनेनं नवऱ्याला आतल्या खोलीत नेऊन आवाज न चढवता जे काय सुनावलं ते सुनावलं. त्यानं काखा वर केल्या. आईची हौस, आणि माल टिकाऊ.

मग गवंडी आला. हा आपल्या कामाचा मानी माणूस. सांधा असा भरायचा की नख अडकणार नाही, ही त्याची ख्याती. आणि नेमकं तेच बाईंना नको होतं. स्टुलावर बसून त्या दिवसभर त्याच्या मागं लागल्या की सांधा खोल ठेवा, दाराशी आडवी पट्टी बसवा, ती थोडी वर राहू दे. वर राहिली तर ठेच लागेल, असं त्यानं बजावलं. लागू दे म्हणाल्या. गवंड्यानं हात टेकले. हे काम माझं म्हणून कुणाला सांगू नका, एवढीच त्यानं विनंती केली आणि म्हणतील तसं घालून दिलं.

सिमेंट वाळल्यावर घरात कुणी नाही असं बघून बाई अनवाणी फिरल्या. बाहेरची खोली, पट्टी, खाचा, परत पट्टी, खरखर, डावीकडे ओटा. परत फिरल्या. भिंतीला बोटसुद्धा लावलं नाही. इतका आनंद त्यांना मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता, आणि हे त्यांनी मनातल्या मनात कबूलही केलं.

येणाऱ्याजाणाऱ्यांना मात्र विषय मिळाला. बोळकांडीत कुणी विचारी, गाडी कधी घेताय? कुणी म्हणे, जन्मभर लोकांच्या कपड्यांना रंगाला रंग जुळवून अस्तर लावणारी बाई, म्हातारपणी हिला झालं तरी काय! बाई हसण्यावारी न्यायच्या, पण हे शेवटचं त्यांना लागायचं. रंगाची जाण ही त्यांची एकुलती एक मिजास होती. नजर गेल्याचं लपवायचं तर अक्कल गेलीय असं लोकांना म्हणू द्यायचं, असा तो सौदा होता. बाईंनी तो पदरात घेतला आणि मूग गिळून बसल्या.

पुढं त्या बहिणीकडे राहायला गेल्या. तिथं सोंग करावं लागत नसे, म्हणून अधूनमधून जायच्या. परत आल्या तेव्हा मुलगा त्यांना दारात सोडून पिशव्या काढायला रिक्षाकडे वळला. सून दारात उभीच होती. आवाजावरून खूश वाटत होती.

"आई, तुमच्यासाठी गंमत आहे. चपला काढून या."

बाईंनी चपला काढल्या, पाऊल आत टाकलं आणि पायाखाली काहीच लागलं नाही. म्हणजे मऊ मऊ काहीतरी होतं. दुसरं पाऊल टाकलं, तेही मऊ. सुनेचं बोलणं सुरूच होतं. गालिचा घातलाय, सगळ्या घरभर, तुकड्याला तुकडा भिडवून, पट्ट्यासुद्धा झाकून टाकल्यात. त्या खाचा तुमच्या पायाला टोचत असतील, तुम्ही बोलत नाही पण मला कळतं. आणि लोकांची तोंडंही बंद होतील. तुम्हाला कुणी हसलेलं मला आवडत नाही हो.

बाई उभ्या राहिल्या. पुढं भिंत की खुर्ची, दार डावीकडे की आणखी पुढं, काही कळेना. एक पाऊल अंदाजानं टाकायला त्यांनी उचललं आणि परत जागेवर ठेवलं. वेड्यासारखी भीती वाटली, आणि या पोरीचा राग यायला हवा तर तोही येईना.

"सूनबाई, हात दे."

सुनेनं हौसेनं हात दिला. तिला वाटलं, सासूबाई गहिवरल्या. पण हात सुटेना, आणि त्यावरची पकड गहिवराची नव्हती. तिनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं. सासूबाई तिच्या कानामागच्या भिंतीकडे बघत होत्या.

"मला दिसत नाही गं," बाई म्हणाल्या. "फरशी होती तोवर चालत होतं."

सुनेनं तशीच त्यांना बोळकांडीच्या तोंडाशी नेलं, वाकून तिथला गालिच्याचा तुकडा ओढून काढला, बाईंचा पाय धरून त्या खाचांवर ठेवला आणि मगच हात सोडला. बाई खाचा ओलांडून, पट्टी ओलांडून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत एकट्या गेल्या.

तेवढ्यात मुलगा पिशव्या घेऊन आत आला आणि बोळकांडीतला गालिचा ओढून काढलेला बघून तिथंच थबकला. कालच तर घातला होता, झालं काय?

"काढून टाका सगळा," सून डोळे पुसत म्हणाली. "मला नाही आवडला रंग."