साडूभाऊंचा संत्र्यांचा गेम

सुपारीचे खांडही तोंडात न टाकणारा, शाळेत घंटेआधी पोचणारा आणि बायकोवर कधी आवाज न चढवणारा सज्जन माणूस आपल्या नातेवाइकांचा किती छळ करू शकतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ऐंशीच्या दशकात आमच्या साडूंकडे जेवायला जायला हवे होते. मी जात असे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो आणि त्यांनी हुडकेश्वरच्या वाटेवर नव्याने पडलेल्या एका लेआउटमध्ये घर बांधले होते. रस्ता संपून शेताचा धुरा लागला की पहिले घर त्यांचे. तिथवर सायकल मारत जायचे ते ताईंच्या हातच्या जेवणासाठी, आणि पोचल्यावर कळायचे की जेवणाला अजून अवकाश आहे, कारण साडूंचा गेम लोड होऊन राहिला आहे.

साडू शाळेत भूगोल शिकवत. त्यांच्या धाकट्या भावाने मस्कतहून त्यांना एक कॉम्प्युटर पाठवला होता. कॉम्प्युटर म्हणजे काळ्या रंगाची, पाटीएवढी चपटी पेटी. तिच्यावर रबराची बटणे. ती टीव्हीला जोडायची, दुसरीकडून टेपरेकॉर्डर जोडायचा आणि गेमची कॅसेट लावायची. मग जो आवाज सुरू होई, तो कसा होता हे ज्याने ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही. तापल्या तेलाच्या कढईत कोणीतरी ओला झारा बुडवते आहे आणि शेजारी मांजराच्या शेपटावर पाय पडला आहे, असे काहीसे. हा आवाज बराच वेळ चाले आणि तेवढा वेळ घरातल्या कोणी हलायचे नाही. मिक्सर लावायचा नाही, इस्त्री तापवायची नाही, कारण त्या लेआउटमधली वीज इतकी अशक्त की एक वस्तू सुरू झाली की दुसरी डोळे मिटायची. शेवटच्या क्षणी कॅसेटीने दगा दिला तर साडू शांतपणे ती उलटी फिरवत आणि म्हणत, "बसा ना जी, आता होतेच." मी त्या घरात इतका वेळ उपाशी बसलो आहे की उपास म्हणून तो कुठेतरी जमा व्हायला हवा होता.

बरे, गेम सुरू झाल्यावर तरी सुटका? नाही. बाकीचे लोक गेम खेळतात. साडू तो तपासत. पडद्यावर एक ठिपक्यांचा माणूस बर्फाळ डोंगरावरून किल्ल्याकडे पळत असायचा आणि साडू त्याला मध्येच थांबवून आम्हाला दाखवत, "हे पाहा. नदी पाहा. डोंगर चढून राहिली! हा गेम लिहिणाऱ्याले कोणी पास केलं असन भूगोलात?" तेवढ्यात मागून एखादा राक्षस येऊन ठिपक्यांच्या माणसाला गिळून टाकी. तीन जिवांपैकी एक जाई. मग पुन्हा पहिल्यापासून तोच डोंगर, तीच नदी आणि नदीवरची तीच हरकत.

या तीन जिवांनी तर त्यांच्या बोलण्याचाच ताबा घेतला होता. सक्करदऱ्याच्या चौकात मी सायकलवरून पडलो, गुडघा सोलला, तेव्हा आमची चौकशी करायला येऊन हे गृहस्थ म्हणाले, "काही नाही जी, एकच गेला. दोन बाकी हायेत." माझी बायको त्यांना चहा न देता आत निघून गेली.

सॉफ्टवेअर हा शब्द नागपुरात बहुधा त्यांच्याइतका कोणीच वापरत नसेल. दूधवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना त्यांनी तो समजावून सांगितला होता. एकदा माझ्यादेखत त्यांनी तो ताईंना समजावला.

"असं पाहा, कढई म्हंजे हार्डवेअर. अन् शिरा कसा करायचा हे तुह्या डोक्यात हाय ना, ते सॉफ्टवेअर. दिसत नाही, तोलता येत नाही, पण त्याच्याशिवाय कढई फुकट."

ताईंनी शांतपणे विचारले, "मंग एवढ्या दिवसांत या पेटीतून शिरा कुठं निघाला जी?"

उत्तरादाखल साडूंनी स्वतःच सॉफ्टवेअर लिहायला घेतले. त्याचा पहिला प्रसाद आम्हाला सत्यनारायणाच्या दिवशी मिळाला. पूजा झाली, सगळे उभे राहिले, ताईंनी आरतीची कॅसेट लावली आणि घंटा हातात घेतली. पहिले कडवे जेमतेम झाले असेल, तोच त्या भक्तिभावातून कढई-मांजराचा तो आवाज कडाडला. गुरुजींच्या हातातले निरांजन हलले. एका म्हाताऱ्या आजीबाईंनी त्याही आवाजावर टाळ्या धरल्या, हे मी स्वतः पाहिले. साडूंना कोरी कॅसेट मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी आपला प्रोग्राम आरत्यांवर उतरवून ठेवला होता. पुढे बरेच दिवस साडूंना जेवायला वाढताना ताई भांडी जरा जोरात ठेवत.

हा प्रोग्राम म्हणजे त्यांचा स्वतःचा गेम होता. "बर्फ कोणी पाहिलं आपल्याकडं? किल्ला कशाले पाहिजे?" असे म्हणत त्यांनी त्यात संत्र्याची बाग घातली. एक मुलगी टोपली घेऊन निघते, झाडाखालची संत्री वेचते, वरून माकडे उड्या टाकतात, त्यांना चुकवत तिने घर गाठायचे. या कामात त्यांना एकच माणूस साथ देत होते, ते म्हणजे त्यांची मुलगी मंदा. बी.ए. झालेली, हसतमुख, बापासारखीच हट्टी. रोज संध्याकाळी दोघे शेजारी शेजारी बसत. माकडाचे शेपूट कसे वळवायचे, मुलीची वेणी चार ठिपक्यांत कशी बसवायची, हे सगळे तिचे. "बाबा, हे माकड नाही, उंदीर दिसून राहिला," असे ती म्हणाली की साडू निमूटपणे सगळे पुन्हा लिहीत. शाळेत ते कोणाचे ऐकत नसत.

मंदासाठी स्थळ मी आणले होते, म्हणून पुढे जे घडले त्यात माझाच जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागला. नरखेडकडचे घर. वडिलांची संत्र्याची बाग, मुलगा सावनेरला कोळशाच्या खाणीच्या कचेरीत. माणसे साधी, भली. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मुलगी पाहायला यायचे ठरले. त्या दिवशी पेटीला हात लावायचा नाही, असे मी साडूंकडून वदवून घेतले होते.

आणि नेमका आदल्या दिवशी टेपरेकॉर्डरने संत्र्याच्या गेमची कॅसेट खाल्ली. फीत आत गुंडाळली गेली, तुटली, आणि टेपरेकॉर्डरही बंद पडला. सीताबर्डीवरचा दुरुस्तीवाला म्हणाला, सोमवारी बघू. आता सगळा गेम उरला होता फक्त पेटीच्या पोटात, आणि तोही पेटी चालू असेपर्यंत. क्षणभर वीज गेली की कित्येक महिन्यांचे काम साफ पुसले जाणार. मी रविवारी पोचलो तर पेटी स्टुलावर, तिच्यावर ताईंनी विणलेला रुमाल झाकलेला, आणि बाजूला साडू असे उभे की जणू आत कोणी आजारी आहे.

"कूलर लावायचा नाही," ते माझ्या कानात म्हणाले. "मोटर सुरू झाली का व्होल्टेज पडते."

"अहो साडूभाऊ, मे महिना आहे! पाहुणे एसटीने येताहेत!"

"पंखा एकवर लावला हाय ना."

तो पंखा फिरत नव्हता, फिरावे की नाही याचा विचार करत होता. पाहुणे आले. वडील धोतर-टोपीतले, आई नऊवारीतली, मुलगा पांढऱ्या शर्टात. थोड्याच वेळात तो शर्ट पाठीला चिकटला. सगळे घाम पुसत होते. वडिलांनी टोपी काढून तिने वारा घ्यायला सुरुवात केली. खिडकीत तो मोठा कूलर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गप्प उभा होता. शेवटी मुलाच्या आईला राहवेना.

"काहो जी, कूलर त हाय तुमच्याकडं. मंग लावत काहून नाही?"

साडू म्हणाले, "त्याले जरा आराम देऊन राहिलो."

"कूलरले आराम?"

मी जमिनीकडे पाहत राहिलो. बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. ही माणसे कंजूष आहेत की येडी, एवढेच आता ठरायचे बाकी होते आणि दोन्हींत माझी अब्रू जाणार होती. तेवढ्यात मंदा पोह्यांचे ताट घेऊन बाहेर आली. मान खाली घालून यायचे असते, पण तिने वर पाहिले. घामाने निथळणारे पाहुणे पाहिले, रुमालाखालची पेटी पाहिली, बापाकडे पाहिले. साडूंनी अगदी बारीक मान हलवली, नाही म्हणून. मंदाने ताट टेबलावर ठेवले, चालत जाऊन कूलरचे बटण दाबले आणि परत येऊन सगळ्यांना पोहे दिले.

पंखा थबकला. कूलर घरघरला. रुमालाखालचा बारीक गुंजारव थांबला, आणि साडूंच्या तोंडून असा आवाज निघाला की मुलगा पाण्याचा पेला घेऊन धावला.

"काय झालं जी? छातीत दुखते का?"

"गेला," साडू खुर्चीत बसत म्हणाले. "सगळा गेला."

मग मंदानेच सांगितले काय गेले ते. मी डोळे मिटून घेतले. आता उठतील, चपला घालतील, आणि मिळेल ती गाडी पकडतील. पण उघडून पाहतो तर बागवाले गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून साडूंच्या जवळ सरकले होते.

"बाग होती म्हनता त्याच्यात? संत्र्याची?"

"हो."

"झाडं किती अंतरावर लावली होती?"

साडूंनी सांगितले. ते गृहस्थ हळहळले. "दाट झाली जी. अन् माकड अंगावर उडी नाही टाकत. ते फांदी मोडते अन् पळते." मग जरा थांबून म्हणाले, "पन गेली म्हंजे वाईटच झालं. आमच्या संत्र्याचा आंब्या बहार, हिवाळ्यातला, गारपिटीनं गेला होता एका साली. झाडाखाली नुसता सडा. मी असाच बसलो होतो, तुमच्यावानी."

"मंग?" साडूंनी विचारले.

"मंग काय? पाऊस पडला का मिरगाचा बहार धरला. दुसरं काय करते माणूस?"

त्या घरात इतक्या वर्षांत साडूंचे दुःख पहिल्यांदाच कोणाला तरी कळले होते. दोघे बराच वेळ बोलत राहिले. मुलगा आणि मंदा एकमेकांकडे पाहायचे सोडून त्यांच्याकडेच पाहत होते, आणि मध्येच दोघांना एकदम हसू आले. निघताना मुलाची आई ताईंना म्हणाली, "पोरीनं बटन दाबलं ना, तवाच मी मनात म्हटलं, हे घर सांभाळन."

लग्न ठरले. साडू मात्र मंदाशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी तीच पेटीसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, या खेपेस झाडं लांब लांब लावू." पावसाळाभर दोघे पुन्हा बसले. आठवत होते ते तिच्या तोंडून यायचे, साडू बटणे दाबायचे. माकडे आता फांदी मोडून पळू लागली. ताईंनी कुरकुर करत दोन कोऱ्या कॅसेटी आणून दिल्या. तुळशीचे लग्न आटोपल्यावर मंदाचे लग्न झाले, आणि साडू मांडवात एकदाही सॉफ्टवेअर हा शब्द बोलले नाहीत. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

त्यानंतर थंडीतल्या एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ताई अंगणात उन्हात बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. आत साडू एकटेच गेम खेळत होते. काय चुकले, कुठे चुकले, काही सांगत नव्हते. पडद्यावरची मुलगी संत्री वेचत, माकडांना चुकवत चालली होती. चार ठिपक्यांची वेणी हलत होती. ती घराच्या दारापर्यंत पोचली आणि थांबली.

"आता?" मी विचारले.

"आता काही नाही. दार उघडायचं लिहायचं राहून गेलं. मंदी म्हने, मी माहेरी आली का दोघं मिळून लिहू."

"तुम्हाला एकट्याला नाही येत?"

"येते ना जी," साडू म्हणाले. "न यायले काय झालं?"

त्यांनी बटण दाबून त्या मुलीला दारापासून थोडे मागे, बागेत नेले आणि पुन्हा हळूहळू चालवत आणले. बाहेरून ताईंनी हाक मारली, "अहो, पाहुन्याले चहा तरी विचारला का? या ना बाहेर दोघं."

साडूंची नजर पडद्यावरून हलली नाही. "थांब वं जरा," ते मोठ्याने म्हणाले, "पोरगी दाराशी आली हाय."

खिडकीतून मला ताई दिसत होत्या. त्यांनी हातातले सूप खाली ठेवले. पदराला लागलेले तांदूळ झटकत त्या लगबगीने उठल्या आणि फाटकाकडे पाहू लागल्या.