भोंग्यावर न सांगण्याजोगं

आमच्या गावात कुणी गेलं, तर ते त्याच्या घरच्यांच्या आधी तियो पोलिंगना कळतं. तीनचाकीच्या टपावर भोंगा बांधलेला, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात माईक आणि सुरुवात नेहमी खोकल्याने. “ख्हं. ख्हं. मंडळी! नाँग पासिंगची तपकिरी डुकरीण कालपासून बेपत्ता आहे. डाव्या कानाला भोक आहे. सापडल्यास कापू नये, आधी कळवावे!” पुढच्या वळणावर तीच डुकरीण, तोच कान, फक्त आवाजात थोडं जास्त दुःख. मयताच्या दवंडीला तर ते असा गळा काढतात की मयताचे सख्खे भाऊ ओशाळतात.

ते माझ्या आईचे थोरले भाऊ, म्हणून तियो. त्यांच्या आणि आमच्या घरात एक प्लायवूडची भिंत आहे. पण तियो घरात मीठसुद्धा समुद्रापलीकडून मागवल्यासारखं मागतात, त्यामुळे ती असून नसल्यासारखी.

त्यांची बायको तिया एस्मे हाँगकाँगला दुसऱ्यांची पोरं सांभाळते. स्वतःची पोर, चौदा वर्षांची जेसामे, तिला ती फोनमधून सांभाळते. फोन तिनेच पाठवलेला. बाकीच्या घरांत ‘ठेव तो फोन’ म्हणून ओरडता येतं. तियोंच्या घरात फोन म्हणजे आई, मग ओरडायचं कसं? मालकीण झोपली की तिया फोन करायची, आणि तियो बाहेरच्या खोलीत बोलत असले की त्यांच्या आवाजापुढे कुणालाच काही ऐकू यायचं नाही. म्हणून तेच लेकीला सांगायचे, “जा इंदाय, जा बाळा, आत जा, दार लावून घे, आईशी निवांत बोल!” लावलेल्या दाराआड आईच असते, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं.

दाराआड आणखी एक जण होता. नाव काइल, वय पंधरा, राहायला मनिलात, आणि जेसामेचे डोळे सुंदर आहेत असं त्याचं म्हणणं. यातलं खरं एवढंच निघालं की डोळे सुंदर आहेत. त्याने फोटो मागितला, कुणाला पाठवू नये तसला. हिने ‘नको’ म्हटलं, तो रुसला, मग हिने पाठवला. लगेच त्याला दुसरा हवा झाला, नाहीतर पहिला तुझ्या आईला पाठवतो म्हणाला. जेसामेने उत्तर देणं सोडलं आणि जेवणही सोडलं. तियो म्हणाले, “जंत झाले असतील,” आणि औषध घेऊन आले.

मग एके सकाळी तियोंच्याच फोनवर मजकूर आला. ‘तुमच्या मुलीचा तसला फोटो माझ्याकडे आहे. तिला उत्तर द्यायला सांगा.’

तियोंचा फोन म्हणजे बॅटरी आणि मयताच्या बातम्या, तिसरा उपयोग नाही. त्यांच्यापर्यंत एखादी गोष्ट पोचते ती गावभर करण्यासाठीच. त्यांना वाटलं, माझ्यासारख्याच्या फोनवर जर हे आलंय, तर अख्ख्या गावात केव्हाच पोचलं असणार. त्यांनी जेसामेचा फोन काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. विचारलं काहीच नाही. त्यांच्या आवाजात विचारायचं म्हणजे गल्लीला विचारल्यासारखं. मग त्यांना जे एकच काम येतं ते करायला बाहेर पडले.

“ख्हं. ख्हं. मंडळी! एका... एका मुलीचा फोटो फिरतो आहे. ज्याच्याकडे आला असेल त्याने न बघता पुसून टाकावा. मुलगी लहान आहे. नाव विचारू नये. ख्हं.”

त्या सकाळपर्यंत गावात असा फोटो कुणाकडेच नव्हता. दुपारपर्यंत सगळं गाव तो शोधत होतं.

“तुला आला का?”

“नाही बाई. तुला?”

“मलाही नाही. आला की दे हं, म्हणजे मला पुसता येईल.”

फोटो मिळेना, तेव्हा मंडळी मुलगी शोधायला लागली. कोण घराबाहेर पडत नाही? बेकरीवाल्या नाँग दिग्नाची, म्हणजे दिग्नाताईंची, क्लेरिस. तोंडाला फडकं का गुंडाळते? लाज वाटते म्हणून! क्लेरिसला गालगुंड झालं होतं, दोन्ही बाजूंनी. पण गालगुंडावर कुणाचं समाधान होईना.

इकडे भिंतीपलीकडे जेसामे कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली. “ताताय, काय केलंत तुम्ही?”

“मी नाव कुठं घेतलं?”

“अहो, कुणालाच माहीत नव्हतं! त्या एकट्याकडे होता! एकट्याकडे!”

 त्या घरातून इतकी शांतता यायला लागली की माझी आई उठून बघायला निघाली.

तेवढ्यात नाँग दिग्ना आल्या, कोपरापर्यंत पिठात. “पोलिंग! काढ तो भोंगा. सांग सगळ्यांना, ती मुलगी क्लेरिस नव्हे. सांग तिला गालगुंड झालंय. दोन्ही गालांना. डॉक्टरचं नावसुद्धा सांग!”

त्यांच्या मागून नाँग टेरिया. “तेवढ्यात आमच्या दोघी मुलींचंही सांगून टाक. नाहीत म्हणून.”

“आणि आमच्या पुतणीचं!” कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं.

तियो माईक हातात धरून उभे. तेवढ्यात तांदळाचा डबा वाजायला लागला. हाँगकाँगहून तिया एस्मे.

“फोन वाजतोय की तुझा. डब्यात?” नाँग दिग्नांनी विचारलं.

“पाण्यात पडला होता,” तियो म्हणाले. “तांदळात सुकत ठेवलाय.”

“ओला फोन छान वाजतो,” नाँग दिग्ना म्हणाल्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, आतल्या खोलीच्या लावलेल्या दाराकडे पाहिलं, पण डोक्यात क्लेरिस होती म्हणून पुढे काही विचारलं नाही. “उद्या सकाळी सांग. नाहीतर मीच ओरडेन, आणि मला भोंगा लागत नाही.”

त्या गेल्या. डबा वाजून वाजून थांबला, परत वाजायला लागला.

“सांगून टाका ना, ती नाही म्हणून,” जेसामे म्हणाली. “तिचा काय दोष?”

“तिचं सांगितलं की टेरियाच्या दोघींचं सांगावं लागेल. मग पुतणीचं. ही नव्हे, ती नव्हे म्हणत गावातल्या सगळ्या मुली संपतील, इंदाय. मग एकच घर उरेल.”

“गावच्या कॅप्टनकडे तक्रार करू?”

“कॅप्टनच्या कचेरीला अर्धीच भिंत आहे. दुसऱ्या अर्ध्यावर लोक कोपर टेकून ऐकतात. मीही टेकतो.”

“मावशीच्या गावी जाऊ मग. आत्ता.”

“तिथे फोन लागत नाही का?”

आता ती रडायला लागली. तियो हळू बोलायचा प्रयत्न करत होते आणि ते त्यांना जमत नव्हतं. प्रत्येक वाक्य भोंग्यासारखं सुरू व्हायचं आणि मध्येच हात तोंडावर ठेवल्यासारखं दबायचं. “दार मी लावायला सांगित... आत कोण आहे, मी एकदाही विचा...”

बऱ्याच वेळाने जेसामे म्हणाली, “नाँग दिग्नांना खरं सांगा. भोंग्यावर नाही. आणि मी बरोबर येणार.”

मी पांदेसाल आणायला गेले. म्हणजे पाव मिळायची ती वेळ नव्हती, पण मी गेले. बेकरीत नाँग दिग्ना कणीक आपटत होत्या. तियो काउंटरवर वाकून, एक हात तोंडाजवळ धरून, तुकड्या-तुकड्यांत सांगत होते. जेसामे त्यांच्या शर्टाचं टोक पकडून उभी होती. आतून क्लेरिस फडक्यातून बघत होती.

ऐकून झालं तशी नाँग दिग्नांनी पिठाचा हात सरळ तियोंच्या गालावर ठेवून दिला. पांढरा पंजा उमटला. “तुझ्या पोरीला वाचवायला माझी पोर पुढे केलीस!”

“मी तिचं नाव—”

“नाव घेतलं नाहीस, म्हणून तर सगळ्यांनी घेतलं!” त्या जेसामेकडे वळल्या. जेसामे दोन पावलं मागे सरकली. “आणि तू. जेवलीस काही?”

जेसामेने नाही म्हणून मान हलवली. त्यांनी तिच्या हातात गरम पाव कोंबला आणि परत कणकेवर हात आपटायला लागल्या. “कुणाकडेच नाही ना तो फोटो? गावात?”

“कुणाकडेच नाही.”

“मग तेच सांग. खोटं बोलू नकोस आणि खरंही सगळं बोलू नकोस. सांग की पोलिंग गाढव आहे.” मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, “आणि शहरातल्या पोलिस ठाण्यात बायकामुलांसाठी वेगळं टेबल असतं. बाई बसते तिथे. माझ्या भाचीसाठी मी गेलेय. तो मजकूर पुसलायस का?”

“पुसणारच होतो.”

“गाढवच आहेस.”

दुसऱ्या दिवशी दवंडी झाली. “ख्हं. ख्हं. मंडळी! काल दिलेली दवंडी चुकीची होती. असा कुठलाही फोटो आपल्या गावात कुणाकडे नाही. मी न विचारता, न समजता, घाबरून ओरडलो. क्लेरिसला गालगुंड आहे आणि दुसरं काही नाही. पोलिंग गाढव आहे, असं पोलिंग स्वतः कळवतो.” लोक हसून लोळले. पोरं अजून त्यांच्या तीनचाकीमागे ‘पोलिंग गाढव आहे’ ओरडत धावतात, खोकल्यासकट; मी त्यांच्यापेक्षा चांगलं करते. सगळ्यांनी विश्वास ठेवला असं नाही. नाँग टेरिया अजून फोन उघडून बघतात, काही आलंय का.

शहरातल्या ठाण्यात त्या टेबलामागच्या बाईंनी मजकूर उतरवून घेतला. त्याला उत्तर देऊ नका, मागेल ते पाठवू नका, काही पुसू नका, म्हणाल्या. जेसामेला म्हणाल्या, गुन्हा त्याने केलाय, तू नाही. तियोंना म्हणाल्या, फोन परत द्या, पोरीला डब्यात ठेवू नका. तो कुठे असतो हे शोधायला वेळ लागेल. कदाचित तो सापडणारच नाही.

तिया एस्मेला जेसामेने स्वतः सांगितलं, दार उघडं ठेवून, शेजारी तियो बसलेले. तिया तिकडे रडली, मग म्हणाली, “मी येऊ का?” आणि तिघांनाही माहीत होतं की तिला येता येणार नाही.

आता दोघांचेही फोन जेवणाच्या टेबलावर असतात, भाताच्या पातेल्याशेजारी. टिंग झालं की जेसामेचा घास थांबतो. तियो फोन उचलतात, बघतात आणि सांगतात, “मेलेल्याची बातमी आहे, इंदाय. जेव.” हे ते हळू म्हणतात. परवा टिंग झालं आणि मला भिंतीपलीकडून ते ‘जेव’ ऐकू आलं नाही. मी भिंतीला कान लावला. आई म्हणाली, “ऊठ तिथून.” पलीकडे चमचा ठेवल्याचा आवाज झाला, खुर्ची जवळ सरकवल्याचा झाला, आणि मग बराच वेळ कुणीच खोकलं नाही.