अकरा एकांची संख्या

चिमाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पुनावळ्याहून पिंपरीचा कारखाना दोन तासांच्या चालीवर, आणि सातला लेथवर उभं राहायचं. म्हणजे पाचला निघालं की पुरे. मधल्या तासात तो भागाकार करायचा. रोज दोन. ताप असला तरी दोन.

संख्या होती अकरा एकांची. ओळीनं अकरा वेळा एक. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. तिला कशानं पूर्ण भाग जातो की ती फुटतच नाही, एवढंच शोधायचं होतं.

हे वेड त्याच्या मुलीचं, ठकूचं. वय तेरा. पंचावन्नच्या दिवाळीत छातीच्या दुखण्यानं ती अंथरुणाला लागली आणि पडल्या पडल्या पाटीवर एकांच्या संख्या फोडू लागली. चार, सहा, आठ, नऊ, दहा एक सोपे. त्यांचे दोन-दोनांचे नाहीतर तीन-तीनांचे गट पडतात. पाच एक म्हणजे एकेचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एकांनी पंधरा दिवस खाल्ले, पण तेही फुटले. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. राहिले अकरा.

ठकूनं स्वतः न फुटणाऱ्या संख्यांची यादी केली. एकेकीनं भागायचं, बाकी उरली की खोडायची. बरं वाटेल त्या दिवशी ती तीन-चार भागाकार करी. दोन तिच्या आबाचे, चिमाजीचे.

एकदा ती म्हणाली, "आबा, चिंचवडच्या मास्तरांना इचारता का? एखादी जवळची वाट असंल."

"इचारून मिळालेलं आपलं नसतं. हातपाय धड हायत तंवर करायचं."

"माझं पाय कुटं धड हायत?" ठकू हसली आणि खोकत राहिली.

तिची आई गवराबाई चुलीपुढून म्हणाली, "इचारा की एकदा. तोंड झिजतंय व्हय?"

चिमाजीनं विचारलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या इंजेक्शनांसाठी मात्र तो ओव्हरटाइम करत राहिला. छप्पनच्या श्रावणात, निम्मी इंजेक्शनं व्हायची असताना, ठकू गेली. यादीतली खूण नऊ हजारांच्या पुढे पोचली होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारला चिमाजी पुढच्या संख्येला बसला. पुढं जवळजवळ दोन वर्षं बसला. एके दिवशी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भागलं आणि बाकी उरली नाही. उत्तर पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. त्यानं उलटा गुणाकार करून पाहिला. अकरा एक आले.

रविवारी तो कागदांचा गठ्ठा घेऊन चिंचवडला अर्जुनराव मास्तरांकडे गेला. मास्तरांनी बराच वेळ कागद चाळले.

"यादीतल्या सगळ्या संख्यांनी भागलंत?"

"चोवीसशेच्या वर झाल्या. एकबी सोडली न्हाई."

"चिमाजी, पाच एकांच्या दोन्ही भागांना दहानं भागून बघा. एक उरतो. सात एकांच्या भागांना चौदानं. तिथंही एक. अकराला बावीस. बावीसनं भागून एक उरतो, तेवढ्याच संख्या बघायच्या होत्या."

"तेवढ्या किती?"

"अडीचशेच्या आसपास."

चिमाजीनं मनातच हिशेब केला. दोघांच्या हातानं दोन महिन्यांत उरकलं असतं. अकरा एक हाती घेतल्यावर ठकू साडेआठ महिने जगली होती.

"आधी यायचं नाही का?" मास्तर म्हणाले.

"ती म्हणत व्हती."

एकच का उरतो, हे मात्र त्याला कळेना. मास्तरांनी सांगितलं, कळलं नाही. मग तो दर रविवारी जाऊ लागला. बेचाळीसाव्या वर्षी पोराटोरांच्या रांगेत मांडी घालून बसला. मास्तर नको म्हणत असतानाही दर महिन्याला फी ठेवत गेला. अकरा महिने लागले.

कळलं त्या दिवशी घरी येऊन तो उंबऱ्यावरच बसला.

"सोपं हाय," तो गवराबाईला म्हणाला. "ठकूला एका दिसात उमगलं असतं."

उरलेल्या इंजेक्शनांसाठी ठेवलेले ओव्हरटाइमचे पैसे त्या शिकवणीत संपले होते.